वासोटा पुढच्या वर्षी, आधी अजिंक्यतारा

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, मुलगी पाचची, दोघं अजून एकही डोंगर चढलेली नाहीत, तर दिवाळीच्या सुट्टीत त्यांना सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्यावर न्यावं का. यंदा नको. मुलांच्या पायात जोर असतो, त्याची काळजी नाही. पण वासोट्याला मनात आलं की मागे फिरता येत नाही.

बामणोलीहून शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, लाँचने तास-दीड तास, मग पायथ्याच्या मेट इंदवलीला वनखात्याची तपासणी, आणि पुढे कोयना अभयारण्यातली दाट झाडीतली चढण. सवय असलेल्या मोठ्या माणसाला दोन-अडीच तास लागत असतील तर पाच वर्षांच्या मुलीला चार धरा. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, परतीची लाँच गाठावीच लागते. मग दमलेल्या लेकराला "चल गं, चल गं" करत ओढत न्यायची वेळ येते, आणि पुढं डोंगराचं नाव काढलं तरी ते रडतं.

म्हणून सुरुवात सातारा शहरालगतच्या अजिंक्यतारा किल्ल्यापासून. दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे. एकाने गाडी वर नेऊन ठेवायची, दुसऱ्याने मुलांबरोबर चालायचं. पोरगी अर्ध्यात बसली तर फोन करा, गाडी खाली येईल. दुसऱ्या खेपेला सज्जनगड: पायऱ्या, प्यायला पाणी, दुपारचा प्रसाद, सगळं आहे. तिसरा कल्याणगड. तिथल्या भुयारात पाणी असतं, आत पार्श्वनाथ आणि दत्ताची मूर्ती आहे. बॅटरी प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र द्या. पाणी मुलीच्या गुडघ्याच्या वर असेल तर आत जाऊ नका.

चालताना लहानीला पुढून दुसरी ठेवा. वेग तिचा, बाकीच्यांनी तो पाळायचा. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी, तहान लागण्याची वाट बघायची नाही, कारण खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही. अर्ध्या दिवसाला मुलामागे एक लिटर, मोठ्यामागे दोन. एका बाटलीत साखर-मिठाचं पाणी ठेवा: लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खायला दशमी, शेंगदाणा-गूळ, राजगिऱ्याचा लाडू. वेफर्स खाऊन तहान वाढते आणि पोट भरत नाही.

सगळ्यात जास्त चुका उतरताना होतात. वर पोचलो म्हणजे झालं असं वाटतं, पण लहान मुलाला उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. मुरुमाच्या घसाऱ्यावर पाय आडवा टाकायला शिकवा, आणि भीती वाटली की सरळ बसायला. दरीच्या बाजूला कायम मोठं माणूस. मनगट धरून हिसक्याने वर ओढू नका. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं कोपराचं हाड अशा एका हिसक्यात निसटतं, मूल हात लोंबता ठेवून रडत राहतं. उचलायचं तर काखेत हात घालून. बूट नवे असतील तर आधी आठ-दहा दिवस घरात-अंगणात घालू द्या, पायाची नखं दोन दिवस आधी कापा, आणि उतरायच्या आधी नाडी घोट्याजवळ आवळून बांधा. नाहीतर अंगठा पुढं आपटून नख काळं पडतं.

गळ्यात शिट्टी हवीच. "चुकलीस तर जिथं आहेस तिथंच थांब आणि तीनदा वाजव," हे घरीच चार वेळा करून घ्या. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळायचं, हातवारे करायचे नाहीत. साप चावला तर अवयव हलू द्यायचा नाही, चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठायचा.

आता या सगळ्यातून मिळतं काय, तेही सांगते. मुलं गड आपल्यासारखा बघत नाहीत. पाण्याच्या टाक्याशी बसतील आणि पाणनिवळ्या गोल गोल कशा फिरतात हे अर्धा तास बघत राहतील. तो अर्धा तास द्या, वेळापत्रकात आधीच धरा. अजिंक्यताऱ्यावर १७०० सालच्या वेढ्याची गोष्ट तीन थांब्यांत वाटून सांगा. पहिल्या थांब्याला औरंगजेब स्वतः गडाखाली येऊन बसलेला आणि वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. दुसऱ्याला मोगलांनी सुरुंग लावला आणि बुरूज त्यांच्याच माणसांवर कोसळला. तिसऱ्याला धान्य संपलं, गड गेला, त्याचं नाव आझमतारा ठेवलं गेलं. "पुढं काय झालं?" या एका प्रश्नावर पाच वर्षांची पोरगी उरलेली चढण चढून जाते.

कल्याणगड लहानीने कडेवर न बसता चढला-उतरला, आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून कुरकुरली नाही, की वासोट्याचं ठरवा. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, दिवाळीत पाऊस लांबलेला असेल तर जंगलात जळवा असतात. चिकटलीच तर ओढू नका, नखाने कडेने सरकवा. आदल्या रात्री बामणोलीला मुक्काम करा, थंडीचे कपडे घ्या, घामेजलेली बनियन बदलायला एक जादा ठेवा आणि सकाळची पहिली लाँच धरा.