समुद्रतळाशी इंटरनेटची केबल गॅसच्या पाइपलाइनवरून कशी नेतात?

थेट पाइपवर नाही टाकत, घासून दोन्हीची वाट लागेल. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरून उरणला गॅसच्या लाइनी येतात आणि वर्सोव्याला केबली, त्यामुळे हा प्रश्न आपल्या दारातलाच. आधी पाइपवाल्यांशी लेखी करार, मग शक्यतो काटकोनात ओलांडायचं, म्हणजे पाइपवरचा तुकडा कमीत कमी राहतो. मध्ये साधारण 300 मिमी अंतर राहील अशी काँक्रीटच्या ठोकळ्यांची मॅट्रेस, नाहीतर केबललाच पॉलियुरेथेन या चिवट प्लास्टिकचं जाड कवच. खरी गंमत नांगराची (जहाज थांबवणारा नव्हे, शेतातल्यासारखा), केबल पुरत येणारा हा नांगर पाइपच्या बराच आधी वर उचलतात आणि पलीकडे गेल्यावर परत टेकवतात, मधला उघडा पट्टा नंतर रोबो पाण्याच्या फवाऱ्याने वाळूत बसवतो किंवा वर दगड टाकतात, कारण ट्रॉलरची जाळी अडकायची भीती तिथेच जास्त.