पाडलं काय, ठेवलं काय

प्रश्न : माझा भाचा नोकरीला न्यूरेंबर्गला असतो. त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, हिटलर जिथनं भाषणं ठोकायचा ते दगडी स्टेज अजून आहे म्हणे आणि पोरं पायऱ्यांवर बसून निवांत गप्पा मारतायत. जर्मनी हरल्यावर हे सगळं पाडलं नव्हतं का ओ?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पाडलं की, पण सगळं नाही. भाच्याचा फोटो झेपेलिन मैदानाचा दिसतोय. त्या स्टेजच्या डोक्यावर मोठ्ठं स्वस्तिक होतं, ते अमेरिकन सैन्यानं शहर घेतल्या घेतल्या एप्रिल १९४५ मध्येच सुरुंग लावून उडवलं, वर त्याची फिल्मपण काढली. खांबांच्या रांगा मात्र १९६७ पर्यंत उभ्या होत्या, त्या पडायला आल्या म्हणून पाडल्या. आणि गंमत बघा, त्याच स्टेजसमोरून आज मोटारींची रेस होते.

तसा हुकूम निघाला होता. हरलेल्या जर्मनीचा कारभार बघणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेनं मे १९४६ ला सांगितलं की १ जानेवारी १९४७ पर्यंत नाझी स्मारकं, पुतळे, रस्त्यांच्या पाट्या सगळं साफ करा. पण त्यातच एक पळवाट होती, लोकांच्या खरंच उपयोगाची वास्तू असेल तर फक्त आक्षेपार्ह भाग काढून बाकीची ठेवायची. बॉम्बिंगनं अर्धी शहरं झोपलेली, डोक्यावर छप्पर नाही, मग चांगली इमारत कोण पाडणार?

हा फरक म्युनिकला एकाच रस्त्यावर दिसतो. हुतात्मा म्हटलं की आपल्या सोलापूरकरांना चार हुतात्म्यांचे पुतळे आठवतात, तिथं नाझींनी १९२३ च्या फसलेल्या उठावात मेलेल्या आपल्या १६ जणांना हुतात्मे ठरवून दोन देवळासारख्या वास्तू बांधल्या होत्या. शवपेट्या युद्धानंतर हलवल्या आणि जानेवारी १९४७ ला त्या वास्तू स्फोटानं उडवल्या, आता नुसते चौथरे आहेत, त्यावर झाडंझुडपं माजलीत. आणि शेजारीच हिटलरच्या ऑफिसची इमारत, झेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देणारा १९३८ चा म्युनिक करार जिथं झाला ती, ती धडधाकट उभी आहे आणि तिथं संगीताचं कॉलेज चालतं! मला विचाराल तर त्या झुडपांनी जास्त बरं काम केलंय.

बर्लिनचं ऑलिंपिक स्टेडियम पण ठेवलं, २००६ च्या वर्ल्डकपची फायनल तिथंच झाली. आणि काही काही गोष्टी पाडताच येईनात म्हणून राहिल्या. हिटलरला बर्लिनमध्ये अवाढव्य कमान बांधायची होती, जमीन वजन पेलते का बघायला १९४१ ला १२,६५० टनांचा काँक्रीटचा गोळा ओतला, आपल्या भुईकोटाचा एखादा बुरूज सुटा काढून वस्तीत ठेवल्यासारखा. कमान झालीच नाही. गोळा उडवावा तर आजूबाजूला लोकांची घरं, मग राहू दे म्हणाले, १९९५ पासून तर तो सरकारी संरक्षित वास्तू आहे.

आपल्याकडं एक पुतळा दहा फूट सरकवायचा म्हटलं तरी मोर्चा निघतो, तिथं पण भांडणं कमी नाहीत. ऑस्ट्रियात हिटलर जिथं जन्मला त्या घराचं काय करायचं यावर वर्षानुवर्षं वाद चालला, शेवटी सरकारनं घर ताब्यात घेतलं आणि २०१९ ला ठरवलं, पोलीस ठाणं करू.

आणि ज्या बंकरमध्ये हिटलरनं गोळी झाडून घेतली, त्यावर आज साधं पार्किंग आहे. २००६ पर्यंत पाटीसुद्धा नव्हती. भाचा बर्लिनला गेला तर बघून ये म्हणावं, बघण्यासारखं काही नाही तिथं, मुद्दामच ठेवलेलं नाही.