मुलगी सॉफ्टबॉलची कॅचर आहे, बोटं सारखी दुखतात. प्रॅक्टिसनंतर बर्फ किती वेळ लावायचा?

13 वर्षांची मुलगी, डाव्या हाताचा तळवा आणि अंगठ्याजवळचं बोट दुखतं, उजव्या हाताची बोटं मधूनमधून सुजतात, सर म्हणतात सवय होईल, आणि तुम्ही विचारताय बर्फ किती वेळ. बर्फाचं नंतर बघू. आधी त्या सरांना विचारा की तुम्ही स्वतः प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे बॉल झेलायला कॅचरच्या जागी, शेवटचे कधी बसला होतात.

मी शाळेत आणि कॉलेजात कॅचरच होते. यवतमाळ जिल्ह्यातली तालुक्याची शाळा, सगळ्या टीमला मिळून कॅचरचं किट एकच, मास्कचा पट्टा नाडीने बांधलेला आणि मिट, म्हणजे कॅचरचा डाव्या हातातला जाड ग्लोव्ह, पावसाळाभर स्टोअररूममध्ये ओल खाऊन मग उन्हात वाळलेला, पापडासारखा कडक. तो धड मिटतच नव्हता, त्यामुळे बॉल अंगठा आणि बोटांमधल्या जाळीत यायच्या ऐवजी थेट तळव्यावर बसायचा. विभागीय स्पर्धा अमरावतीला होती. सेमीफायनल, थर्ड बेसवर रनर, म्हणजे समोरच्या टीमची मुलगी धाव पूर्ण करायला एकच टप्पा लांब, बॅटरने बॉलला नुसती कड लावली आणि तो सरळ माझ्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकावर. आमचे सर धावत आत आले, मला वाटलं बाहेर काढतील, तर त्यांनी बोट धरून खसकन ओढलं, म्हणाले "बसलं", शेजारच्या बोटाला टेप लावून बांधलं आणि मास्क परत हातात दिला. मॅच आम्ही जिंकलो, हाच सगळा घोळ आहे, कारण जिंकलो म्हणून सरांचं आजही म्हणणं आहे की तेव्हा त्यांनी केलं ते बरोबर होतं.

घरी आल्यावर आजीचा आंबेहळदीचा लेप, मग बाबा एका हाडं बसवणाऱ्याकडे घेऊन गेले, त्याने तेल लावून इतकं चोळलं की मी ओरडले. एक्स-रे निघाला महिन्याभराने. डॉक्टर म्हणाले बोटाचं टोक सरळ करणारी शीर हाडाचा तुकडा घेऊन सुटलीये, पहिल्या दिवसापासून बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी (स्प्लिंट) हवी होती. तेव्हापासून शेवटचं पेर लोंबतंच. जीन्सच्या खिशात हात घालताना तेच आधी अडकतं.

मागच्या वर्षी एका लग्नात सर भेटले. हात बघून हसले आणि चार लोकांत म्हणाले, अगं कॅचरची बोटं अशीच असतात, दागिना आहे तो, आणि त्या मॅचमुळेच तुला ग्रेस मार्क मिळाले ना? मिळाले ना, नाही कोण म्हणतं. पण सर, तुमची दहाही बोटं सरळ आहेत.

आता तुमच्या मुलीचं. बोट ओढायचं नाही, चोळायचं नाही, कुणालाही हात लावू द्यायचा नाही, मग तो कोच असो की तुमचा मोठा दीर. शेवटचं पेर खाली झुकलंय, दुसऱ्या हाताने उचललं तर सरळ होतं पण आपलं आपण होत नाही, असं दिसलं की लगेच हाडांच्या डॉक्टरकडे. साधारण 6 ते 8 आठवडे पट्टी असते आणि त्यात ते पेर एकदाही वाकू द्यायचं नसतं, अंघोळीलासुद्धा नाही, वाकलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि टोक झुकलंय, वर नखाच्या मुळाशी रक्त आहे किंवा नख मुळातून वर आलंय, तर त्याच दिवशी जा, सकाळची वाट बघू नका. या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग कच्चा असतो, नुसती मुरगळ समजून सोडलेलं पुष्कळदा तिथलं फ्रॅक्चर निघतं.

उजवा हात सुजतोच का, तर तो मिटच्या बाजूला उघडा ठेवलेला असतो म्हणून. बेसवर रनर नसेल तर तो हात पाठीमागे किंवा उजव्या पायाच्या मागे गेलाच पाहिजे. रनर असेल तर मिटच्या मागे, सैल मूठ, अंगठा बोटांच्या आत. टोकियो ऑलिम्पिकची जपान-अमेरिका फायनल लावा आणि तिला फक्त कॅचर बघायला सांगा. घरात कुणी क्रिकेटवाले काका असतील तर ते म्हणतील कीपिंगसारखंच आहे, त्यांना गप्प बसवा. कीपरच्या दोन्ही हातांत ग्लोव्ह असतात, कॅचरचा एक हात उघडा असतो, आणि 12 इंची सॉफ्टबॉल 178 ते 198 ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षा जडच.

कीपरची एक गोष्ट मात्र उचला, आतलं इनर. स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतं. ते डाव्या हातात घालून वर मिट चढवायचा. आणि मिट स्वतःचा घ्या. शाळेचा घालून मोठ्या माणसाच्या मापात मुलीने बॉल झेलायचा आणि दुखलं की सवय होईल, हे मला अजिबात पटत नाही. परवडत नसेल तर मुलीला कॅचरऐवजी सेकंड बेसला फील्डिंगला खेळवा, पण हे तुम्ही सरांना सांगा, तिला सांगायला लावू नका, मुली सरांसमोर दुखतंय असं म्हणत नाहीत.

मी डॉक्टर नाही, आणि माझं झालं ते उजव्या हाताचं, तुमच्या मुलीचं मुख्य दुखणं डाव्याचं, ते वेगळं असू शकतं. तळव्यावर बॉल घेऊन घेऊन अंगठ्याजवळचं बोट दुखतं ते बहुतेक जाळीत झेलायला लागली की आणि थोडी विश्रांती मिळाली की कमी होतं. पण ते बोट पांढरं पडतं, गार लागतं, मुंग्या येतात का हे विचाराच, कारण तिथे रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो. तसं असेल तर स्पर्धा गेली खड्ड्यात, आधी डॉक्टर, आणि त्या बोटाला बर्फही नको.

बाकी बर्फ 15 ते 20 मिनिटं, फडक्यात गुंडाळून, थेट कातडीवर नाही.