गणेशोत्सवात स्वमग्नतेविषयी जनजागृतीचा कार्यक्रम कसा असावा?

सोसायटीच्या गणेशोत्सवात स्वमग्नतेवर, म्हणजे ऑटिझमवर, तासाभराचा कार्यक्रम घ्यायचा आहे, त्यात काय असावे, असे आपण विचारले आहे. माझा चौदा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे आणि असे काही कार्यक्रम मी श्रोता म्हणून ऐकले आहेत, त्या आधारे लिहितो.

व्याख्यान वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये. २००८ पासून दरवर्षी २ एप्रिलला ऑटिझमविषयीचा जागतिक दिन पाळला जातो, इमारतींवर निळे दिवे लागतात, परंतु आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला त्याचा काही उपयोग झाला नव्हता. मुलगा सात वर्षांचा असताना वाण्याने त्याला विचारले, ‘‘बाळा, काय हवंय?’’ मुलाने त्याच सुरात उत्तर दिले, ‘‘बाळा, काय हवंय?’’ पोरगा आपली नक्कल करतो आहे असे वाटून वाणी चिडला. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणे हा अनेक स्वमग्न मुलांचा बोलण्याचा प्रयत्नच असतो, एवढे मी त्याला समजावले. दुसऱ्या दिवसापासून तो काही न विचारता बिस्किटांचे दोन पुडे समोर धरू लागला आणि मुलगा हव्या त्या पुड्याला बोट लावू लागला. आपल्या वक्त्याने असे प्रसंग सांगावेत, आणि श्रोत्यांत वॉचमन, रिक्षावाले, केस कापणारे यांना आवर्जून बोलवावे.

‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ आहे म्हणून मीही वापरतो, पण तो ऐकून मूल आपल्याच तंद्रीत सुखी आहे आणि त्याला कोणी नको आहे, असा लोकांचा समज होतो. माझ्या मुलाला माणसे हवी असतात. त्यांच्याशी सूत कसे जुळवावे हे त्याला उमगत नाही.

श्रोत्यांत आजी-आजोबा पुष्कळ असतील. ‘‘मुलगे उशिराच बोलतात, याचा मामाही असाच होता’’ या एका वाक्यावर आमच्या घरात दीड वर्ष गेले. नावाने हाक मारल्यावर न वळणे, दीड वर्षाचे झाल्यावरही आवडलेल्या वस्तूकडे बोट करून ती इतरांना न दाखवणे, अशी लक्षणे दिसल्यास वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना विचारावे, हे स्पष्ट सांगावे. लसीमुळे ऑटिझम होतो का, हा प्रश्न कोणीतरी हमखास विचारतो. तसे सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, एवढे उत्तर पुरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे, हेही अनेक पालकांना ठाऊक नसते.

तासातला उरलेला वेळ व्यासपीठावर घालवू नये. ताशाचा आवाज काही मुलांना अक्षरशः दुखतो, आणि म्हणून ती कुटुंबे मंडपाकडे फिरकतच नाहीत. आरतीपूर्वी अर्धा तास ध्वनिक्षेपक आणि लुकलुकणारे दिवे बंद राहतील, अशी पाटी सूचनाफलकावर लावावी. ही वेळ केवळ ‘विशेष मुलांसाठी’ आहे असे लिहू नये. तान्ह्या बाळांच्या आयाही तेव्हाच येतात, असा आमचा अनुभव आहे. मात्र इलेक्ट्रिशियनला आधी नीट सांगून ठेवावे. पहिल्या वर्षी आमच्याकडे त्याने दिव्यांबरोबर मूर्तीमागचे फिरते चक्रही बंद केले, आणि माझा मुलगा नेमका तेच पाहायला आला होता.