वाचक विचारतात : उजनीच्या पाण्यावर आधी वाट कोणाची?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र सुट्टीच्या दिवशी सोलापूरहून करमाळ्याच्या बाजूने उजनीच्या फुगवट्यावर जातो आणि इंजिनाची फायबर होडी भाड्याने घेऊन मरळीसाठी गळ टाकतो. मागच्या खेपेस एका मच्छीमाराने आमच्यावर आरडाओरडा केला. आमची होडी त्याच्या जाळ्यावरून गेली आणि आमच्या लाटेने त्याची होडी कलंडता कलंडता राहिली, असे त्याचे म्हणणे होते. जाळे दिसेल अशी एकही ठळक खूण तिथे नव्हती आणि पाणी तर सर्वांचे आहे, असे आमचे म्हणणे पडले. पुढे पक्षी पाहणाऱ्या पर्यटकांची एक होडी आमच्या दोऱ्यांवरून भरधाव गेली, तेव्हा मात्र संताप आम्हाला आला. अशा वेळी हक्क कोणाचा मानावा?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पाणी सर्वांचे आहे, हे मान्य. मात्र त्या पाण्यात प्रत्येकाचे जे गुंतलेले असते, ते सारखे नसते. तुमची सुट्टीची सकाळ वाया गेली तर पुढच्या रविवारी ती भरून निघते. त्या मच्छीमाराचे जाळे फाटले तर त्या रात्रीची कमाई तर जातेच, शिवाय दुसऱ्या दिवशी काठावर बसून फाटलेला भाग सांधण्यात संध्याकाळ जाते. म्हणून माझे मत असे की, पोटासाठी पाण्यात उतरलेल्याला आधी वाट द्यावी, आणि हौसेसाठी आलेल्याने वळसा घ्यावा. तुमच्या दोऱ्यांवरून पर्यटकांची होडी गेली तेव्हा तुम्हाला जे वाटले, तेच त्या मच्छीमाराला तुमच्याविषयी वाटले होते. पाण्यात सोडलेली तुमची दोरी पर्यटकांच्या नावाड्याला दिसली नाही, तसेच त्याचे जाळे तुम्हाला दिसले नाही.

नियमांकडे पाहिले तरी निष्कर्ष फारसा वेगळा निघत नाही. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय नियम समुद्रासाठी आणि त्याला जोडलेल्या जलमार्गांसाठी आहेत. परंतु त्यांतील तत्त्व कुठल्याही जलाशयावर उपयोगी पडते. समोरासमोर येणाऱ्या दोन इंजिनाच्या होड्यांनी आपापल्या उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी होडी आहे, तिने वाट द्यावी. आणि मागून पुढे जाणाऱ्याने, तो कितीही घाईत असला तरी, पुढच्या होडीपासून दूर राहूनच पुढे जावे. या नियमांत जाळे ओढणाऱ्या होडीला इंजिनाच्या इतर होड्यांनी वाट द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे, कारण जाळ्यामुळे तिला हवे तसे वळता येत नाही. गळ टाकणाऱ्या हौशी होडीला मात्र ती सवलत नाही, कारण दोरी गुंडाळून ती केव्हाही हलू शकते.

आता लाटेविषयी, कारण तक्रारीचे खरे मूळ बहुधा तिथेच आहे. इंजिनाची होडी अगदी सावकाश चालते तेव्हा लाट लहान असते आणि पूर्ण वेगात पाण्यावर उचलली गेली की तुलनेने कमी होते. सर्वांत मोठी लाट उठते ती या दोहोंच्या मधल्या वेगात, जेव्हा होडीचे नाक वर आणि शेपूट पाण्यात दबलेले असते. अनेकजण दुसऱ्या होडीच्या अगदी जवळ येऊन एकदम वेग सोडतात आणि आपण सौजन्य दाखवले असे समजतात. प्रत्यक्षात त्याच क्षणी होडी खाली बसते, मागून येणारे पाणी उसळते आणि सर्वांत वाईट लाट त्या लहान होडीवर जाऊन आदळते. वेग बराच आधी कमी करावा, लाट मागे विरून जाऊ द्यावी आणि मग इंजिन जेमतेम चालू ठेवून पुढे जावे. जाळे काढणारा माणूस कसा असतो, हे एकदा थांबून पाहावे. तो होडीच्या एका कडेला वाकलेला असतो, दोन्ही हात जाळ्यात असतात, वल्हे पायाशी पडलेले असते, आणि त्या कडेचा काठ पाण्यापासून वीतभरही वर नसतो. आडवी लाट आली तर स्वतःला सावरायला त्याच्याकडे मोकळा हात नसतो. तुमच्या मच्छीमाराचा आरडाओरडा मला तरी भांडखोरपणा वाटत नाही. तो घाबरला होता.

जाळ्याची खूण ठळक नव्हती, ही तुमची तक्रार रास्त आहे. परंतु पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले, तर तो कचरा न मानता जाळे मानावे. बाटल्यांच्या मधून जाऊ नये. ओळीचे टोक शोधून त्याला वळसा घालावा. टोक सापडत नसेल आणि जवळपास कोणी असेल, तर इंजिन बंद करून “मामा, जाळं कुठवर टाकलंय?” एवढे विचारावे. वाट सांगायला कोणी नकार दिल्याचे मी पाहिलेले नाही. एवढे करूनही पंख्यात जाळे अडकलेच तर आधी इंजिन बंद करावे, ते वर उचलावे आणि गुंता हाताने सोडवावा. चाकू अगदी शेवटी. कापावे लागले तर मालकाला शोधून सांगावे आणि भरपाई विचारावी. न सांगता निघून जाणे ही सरळसरळ चोरी आहे, असे मी मानतो.

उन्हाळ्यात हे सारे अधिक अवघड होते. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास असली तरी तिच्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी आहे, आणि धरण ‘उणे’, म्हणजे त्या मृतसाठ्याच्याही खाली गेल्याच्या बातम्या सोलापूरकर दर दोन-चार वर्षांनी वाचतातच. पाणी असे उतरले की विस्तीर्ण फुगवटा आक्रसून जुन्या भीमेच्या पात्राकडे सरकतो, आणि जाळी, पर्यटकांच्या होड्या, रोहित पक्ष्यांचे थवे व तुमच्यासारखे हौशी लोक एकाच पट्ट्यात येतात. त्याच वेळी बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या जवळ येतात. स्थानिक माणूस बरोबर नसेल तर त्या दिवसांत इंजिन वेगाने चालवूच नये.

एक गोष्ट राहिली. आपल्याकडे बहुतेक तलावांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेव्हा उजनी असो की सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव, गळ टाकण्यापूर्वी स्थानिक लोकांकडे परवानगीची चौकशी करावी.

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिकडे गेले असता तो मला लेक फोर्क नावाच्या मोठ्या तलावावर बास मासा धरायला घेऊन गेला. आम्ही काठाकाठाने हळूहळू सरकत होतो, तेवढ्यात एक मोठी होडी आमच्या पुढे येऊन थांबली आणि त्यातील माणसांनी आम्ही जाणार होतो तिथेच गळ टाकले. मुलगा काही न बोलता दुसरीकडे गेला. त्याने गप्प बसणे योग्य होते का? आणि एवढ्या कष्टाने धरलेला मोठा मासा त्याने परत पाण्यात का सोडला, हेही मला समजले नाही.
— एक वाचक भगिनी, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत घडले ते बास धरणाऱ्यांमध्ये फार मोठे असभ्य वर्तन समजले जाते. बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो झाडाचे बुंधे, गवत, धक्के अशा आडोशाला दबा धरून बसतो. त्यामुळे त्याचा शिकारी काठाच्या कडेने, विजेवर चालणाऱ्या लहानशा मोटारीने, एकेका आडोशाकडे आमिष फेकत पुढे सरकतो. होडीचे तोंड जिकडे असते तिकडचा काठ त्याचा पुढचा घास असतो. पंगतीत वाढपी एका ओळीने येत असताना मध्येच कोणी आपले पान पुढे सरकवावे, तसा हा प्रकार झाला. पुढे जायचेच असेल तर खोल पाण्याच्या बाजूने मोठा वळसा घालून, त्याच्या आमिषाच्या टप्प्यापासून पुष्कळ दूर जाऊन थांबावे. किंवा तो जिथून पुढे गेला आहे, तिथे मागे राहावे.

तरीही तुमच्या मुलाने केले ते योग्यच केले. एकदा हात वर करून “आम्ही याच दिशेने येत आहोत” असे सांगायला हरकत नव्हती, कारण कित्येकदा नवख्या माणसाला ही रीत माहीतच नसते. पण उथळ पाण्यात वाद घालून, इंजिने घरघरवून हाती काही लागत नाही. होडीच्या तळावर पेटी आपटल्याचा आवाजदेखील पाण्यात लांबवर जातो, आणि मासे त्या जागेवरून हलतात.

मासा सोडण्यामागे त्या तलावाचा नियम असावा. लेक फोर्कचे धरण आपल्या उजनीप्रमाणेच १९८० सालचे, आणि पाण्याखाली उभी झाडे मुद्दाम राखून तो तलाव बाससाठीच जोपासलेला आहे. तिथे १६ ते २४ इंच लांबीचे बास घरी नेता येत नाहीत. ते परत सोडावेच लागतात, म्हणजे अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या पाण्यात टिकून राहतात. टेक्सासमधील सर्वांत मोठा नोंदलेला बास, सुमारे सव्वाआठ किलोचा, १९९२ च्या जानेवारीत याच तलावात मिळाला होता. शिवाय वसंतात उथळ पाण्यात नर बास अंड्यांची राखण करत बसतो. तो उचलला की इतर मासे अंडी फस्त करतात.

हे वाचून आपल्याकडील मरळ धरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, असे मला कळकळीने वाटते. पावसाळ्यात मरळीची तांबूस-नारिंगी पिल्ले घोळक्याने पाण्यावर येतात आणि आई-बाप खाली राखण करत असतात. तो घोळका दिसला की नेमके तिथेच रबरी बेडूक फेकण्याची काहींना सवय आहे, कारण चिडलेली मरळ हमखास झडप घालते. असे धरू नये. पालक गेले की त्या घोळक्यातील फारच थोडी पिल्ले वाचतात.

प्रश्न : माझे वडील उजनीत मासेमारी करतात. बाहेरून येणारे लोक जाळ्यावरून होड्या नेतात, हे मी नेहमी पाहतो. आमच्या बाजूने काय करता येईल?
— एक महाविद्यालयीन वाचक, करमाळा तालुका

उत्तर : तुमच्या वडिलांनी आपले काम बदलावे, अशी अपेक्षा मी करणार नाही. मात्र जाळ्याच्या दोन्ही टोकांना भडक रंगाचे कापड लावलेली काठी, पाण्यापासून दोनेक फूट वर राहील अशी, थर्माकोलच्या मोठ्या तुकड्यात खोचून ठेवली तर लांबून दिसते. मधल्या बाटल्या पांढऱ्याऐवजी एकाच ठळक रंगाच्या असाव्यात, कारण उन्हाच्या झळाळीत पांढरी बाटली दिसतच नाही. पर्यटकांच्या होड्या रोज ज्या वाटेने जातात ती वाट त्यांच्या नावाड्यांशी बसून ठरवून घ्यावी. तीही आपल्याच भागातील माणसे असतात, आणि गळवाल्या पाहुण्यांना होडी भाड्याने देतात तीही. भाडे ठरतानाच “इकडे जाळी आहेत, तिकडून जा” हे त्यांनी सांगितले तर निम्म्याहून अधिक तंटे काठावरच संपतील. आणखी एक विनंती : नायलॉनच्या तुटलेल्या दोऱ्या आणि जाळ्याचे फाटके तुकडे पाण्यात टाकू नयेत. हे गळवाल्यांनाही तितकेच लागू आहे. ती दोरी कुजत नाही. चिखलात चालणाऱ्या पक्ष्यांच्या पायात ती गुंतते आणि ओढली की आणखी आवळते.

प्रश्न : मला उत्तम पोहता येते. तरीही होडीत लाइफ जॅकेट घालावेच का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : घालावेच, आणि होडीत बसण्यापूर्वी बंद आवळून घालावे. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावरची प्रवासी होडी सुटलेल्या वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जणांना जीव गमवावा लागला. मे महिन्यातील वळिवाचा वारा किती कमी वेळात उठतो, हे सोलापूर जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. अंगावर कपडे, पायात बूट आणि चारही बाजूंनी लाटा असताना पोहण्याचे कौशल्य फार काळ पुरत नाही. इंजिन चालवणाऱ्याने आणखी एक करावे. बऱ्याच इंजिनांना लाल रंगाची एक वेटोळी दोरी असते. तिचे टोक मनगटाला किंवा जॅकेटला अडकवले की माणूस पाण्यात पडताच इंजिन बंद होते आणि होडी त्याच्यावर फिरून येत नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान होड्या वेगात चालवताना ही दोरी किंवा तिच्यासारखी सोय वापरणे सक्तीचे आहे. आपल्याकडे ती पुष्कळदा इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली दिसते. दुपारनंतर पश्चिमेला आभाळ काळवंडले तर निघालेल्या काठावरच परतण्याचा हट्ट न धरता जो काठ जवळ असेल तो गाठावा, होडी वर ओढून घ्यावी आणि वारा पडेपर्यंत तिथेच थांबावे.