घर काळीत बांधावं की मुरमाडावर?

प्रश्न (शिरूर तालुका, जि. पुणे): घोड नदीकाठी आम्हा तीन भावांची सहा एकर जमीन आहे. खालची चार एकर भारी काळी, त्यात ऊस आणि विहीर; वरची दोन एकर मुरमाड. गावठाणातलं घर अपुरं पडतं. मळ्यात, विहिरीशेजारी घर बांधलं तर चालेल का? आणि जुन्या पांढरीची, म्हणजे जुन्या गावाच्या जागेची, माती ट्रॉलीने आणून रानात टाकावी का?

उत्तर: घर मुरमाडावरच बांधा. विहिरीचं पाणी पाइपने वर नेता येईल, पण घराखाली गेलेली काळी पुन्हा पिकाला मिळत नाही. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंती तडकतात. पक्का मुरूम लागेपर्यंत पाया खाली न्यायचा, तर खर्च भलताच वाढतो.

आपले पूर्वज ‘काळी’ पिकाची आणि ‘पांढरी’ माणसांची, असं उगीच म्हणत नव्हते. देशावरची जुनी गावठाणं पाहा. बहुतेक नदीच्या उंच काठावर, पुरापासून वर, घराला घर लागून. पिण्याच्या पाण्याच्या जागा मोजक्या होत्या आणि लुटारूंचं भयही होतं, म्हणून ही दाटी. कोकणात झरे, विहिरी ठिकठिकाणी असल्याने गाव वाड्या-वाड्यांत विखुरलं. आपल्याकडे विहिरींवर वीजपंप आले, बागायत वाढली, रात्री पाणी द्यायला रानात माणूस लागू लागलं, तशा मळ्यांतल्या वस्त्या उभ्या राहिल्या. तुम्हीही त्याच कारणाने निघालात, आणि त्यात चूक काहीच नाही.

आता पांढरीच्या मातीबद्दल. ही माती म्हणजे कित्येक पिढ्यांची राख, शेण, हाडं आणि ढासळलेल्या भिंती. तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) ही पिकाची अन्नद्रव्यं असतात, म्हणून जुनी माणसं बैलगाड्या भरून ती नेत. पण तिच्यात चुना आणि क्षारही असतात. उसाला वर्षानुवर्षं पाटपाणी देऊन तुमची काळी खारवट होऊ लागली असेल, तर ही माती त्यात भरच घालेल. आधी मातीपरीक्षण करून सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना पाहा. माझं मत विचाराल तर हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा गाडणं आणि शेणखत घालणं यातच तुमचं भलं आहे.

आणखी एक कळकळीने सांगतो. तुमच्याच तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे घोडकाठी शेतकरीच राहत होते, जव पिकवत होते. त्यांनी पाण्यासाठी खोदलेला पाटही सापडला. हे सगळं कळलं ते पांढरीच्या टेकाडातून. असं टेकाड ट्रॉलीने उपसलं की ते कायमचं गेलं. रंगवलेली खापरं दिसत असतील तिथे फावडं लावू नका.

घराच्या जागेकडे परत येतो. तुमची विहीर उताराला, खाली आहे. म्हणून शौचखड्डा तिच्या वरच्या अंगाला घेऊ नका. मुरमातून पाणी भराभर झिरपतं. खड्डा दुसऱ्या बाजूला, विहिरीपासून होईल तेवढा लांब ठेवा. पावसाच्या पाण्याचा जुना ओघ कुठून जातो ते एका पावसाळ्यात पाहून मगच चौथरा आखा.

वाटणी करताना मुरमाड एकाला आणि काळी दुसऱ्याला, असं करू नका. वस्तीचा रस्ता आणि विहिरीतला हिस्सा वाटणीपत्रात लिहून घ्या. माझ्याकडे येणारे निम्मे तंटे या दोन गोष्टींवरून असतात. बांधावरच्या रस्त्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, पण भावाभावांवर ती वेळच येऊ नये. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा लागू असल्याने आपल्या भागातलं किमान क्षेत्र आणि शेतातल्या घराची परवानगी या दोन्ही गोष्टी तलाठ्याकडे आधी विचारा.

शेवटचं, बिबट्या. ऊस त्याला लपायला सोयीचा. घर आणि उसाचा फड यांच्यात मोकळं रान किंवा बुटकं पीक ठेवा. शेळ्या-वासरांचा गोठा वरून आणि चारही बाजूंनी जाळीने बंद करा, आणि अंधार पडल्यावर मुलांना एकटं अंगणाबाहेर पाठवू नका.