दारं मोजा, धुराडी मोजा

इंग्लंडात ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअर गावी व्हिक्टोरिया रोडवर बागेभोवती जी बुटकी दगडी घरं दिसतात, ती शाळा नव्हे आणि वर्कहाउसही (निराधारांचा सरकारी गरीबखाना) नव्हे. ती आम्सहाउसं, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांसाठी कुणा दात्याने बांधलेली घरं. (स्पेलिंगमधला ‘एल’ उच्चारायचा नाही. मी इकडे आल्यावर पहिली दोन वर्षं उच्चारत होतो आणि सौजन्यापोटी कुणी टोकलं नाही.) ‘गरिबांना राहायला द्यायची घरं, तर एवढी सजावट कशाला?’ असं ती पाहून आलेल्या एकाने मला विचारलं. त्याचं उत्तर जरा लांबण लावूनच द्यावं लागेल.

आधी शब्दाचं बघू. आम्सहाउसला मराठीत कुणी ‘धर्मशाळा’ म्हणेल. पण धर्मशाळेत वाटसरू रात्र काढतो आणि पुढे जातो, इथे माणूस अखेरपर्यंत राहायला येई. ‘वृद्धाश्रम’ जवळचा, पण वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर एक, पंगत एक. आम्सहाउसात प्रत्येकाची चूल वेगळी, दार वेगळं, दाराची किल्ली आपल्या खिशात. ही इमारत ओळखायची खूणही तीच. रस्त्यावर उभं राहून दारं मोजा, मग छपरावरची धुराडी मोजा. आकडे साधारण जुळले की समजा आम्सहाउस.

वर्कहाउसचं उलट. १८३४ च्या गरीब कायद्यानंतर ठिकठिकाणी ती उभी राहिली. मोठं एकच फाटक, आत पुरुष, बायका, मुलं यांच्या वेगळ्या कोठ्या. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवराबायकोचीही तिथे ताटातूट होई. जाणूनबुजून असं बांधलेलं, की माणसाने अगदी नाइलाज झाल्याशिवाय पायरी चढू नये. म्हणून म्हातारपणी आम्सहाउसात जागा मिळणं ही चैन नव्हती, ती त्या फाटकातून झालेली सुटका होती. पण जागा मोजक्या आणि त्या ‘लायक’ गरिबांसाठी. लायक कोण, हे ठरवणार विश्वस्त.

हा फरक सर्वांत झणझणीत मांडला पगिन या वास्तुविशारदाने. त्याच्या ‘कॉन्ट्रास्ट्स’ या पुस्तकाच्या १८४१ च्या आवृत्तीत एक जोडचित्र आहे. एकीकडे मध्ययुगीन धर्मादाय वसतिगृह, चौक, चर्च, पोटभर मांस आणि बिअर, मेल्यावर रीतसर दफन. दुसरीकडे तुरुंगासारखं वर्कहाउस, पेज-पाव आणि मेल्यावर प्रेत चिरफाडीला. प्रचारकी? शंभर टक्के. मध्ययुगात गरीब एवढे सुखी असते तर काय हवं होतं! पण दानशूर मंडळींच्या मनात हे चित्र पक्कं बसलं, असं मला वाटतं. विंचेस्टरचं सेंट क्रॉस हे असंच धर्मादाय वसतिगृह बाराव्या शतकातलं, आजही चालू आहे. तिथली उंच धुराडी, चौक आणि दगडी पट्ट्यांनी विभागलेल्या खिडक्या डोळ्यांसमोर ठेवून व्हिक्टोरियन लोकांनी नव्या घरांना जुनेपणाचा मुलामा दिला. उभ्या उताराची छपरं, खिडक्यांवर पाणी झटकणाऱ्या दगडी भुवया, लाल विटांत निळसर विटांची शंकरपाळी नक्षी. कालच बांधलेलं, पण दिसायला तीनशे वर्षांचं.

मांडणीत मला कायम आपला वाडा आठवतो, पण उलटा. वाडा रस्त्याला पाठ देतो आणि चौक आत जपतो. इथे चौकाची रस्त्याकडची चौथी बाजूच काढून टाकलेली. तीन बाजूंना घरं, मध्ये हिरवळ, मधोमध प्रार्थनागृह किंवा घड्याळाचा छोटा मनोरा आणि दर्शनी भिंतीवर दात्याच्या नावाची दगडी पाटी. जाणाऱ्यायेणाऱ्याला दान दिसलं पाहिजे! सजावटीच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ती आतल्या म्हातारीपेक्षा रस्त्यावरच्या माणसासाठी जास्त होती. खात्री करायची तर मागच्या गल्लीत जा. साध्या भिंती, लहान खिडक्या, परसातला कोळसा आणि पूर्वीचा संडास. आत बसायची एक खोली, पलंगापुरती दुसरी आणि मोरीवजा जागा, बहुतेक ठिकाणी एवढंच.

आता सॉल्टेअर. टायटस सॉल्ट हा अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचा गिरणीमालक. त्याने १८६८ मध्ये ४५ घरं बांधली, वास्तुविशारद ब्रॅडफर्डचे लॉकवुड आणि मॉसन, ज्यांनी त्याची गिरणी आणि चर्चही बांधलं. टोकदार कमानींच्या मध्ययुगीन गॉथिक शैलीऐवजी इटालियन व्हिलाची छटा. घरभाडं नाही, वर एकट्याला आठवड्याला साडेसात शिलिंग आणि जोडप्याला दहा. सरकारने १९०८ च्या कायद्याने सत्तरीपुढच्यांना पेन्शन दिली ती जास्तीत जास्त पाच शिलिंग, हे लक्षात घ्या. अट मात्र होती, चारित्र्य चांगलं हवं.

इटालियन का? सॉल्ट काँग्रिगेशनल या अधिकृत चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथाचा, गॉथिक म्हणजे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा वास, म्हणून, असा तर्क मी बरीच वर्षं ऐकवायचो. मग जवळच्या हॅलिफॅक्स गावी गेलो. गालिचेवाला फ्रँक क्रॉसली त्याच पंथाचा, पण त्याने १८५५ मध्ये स्वतःच्या घराजवळ बांधलेली आम्सहाउसं चक्क गॉथिक. तेव्हापासून हा तर्क मी हळू आवाजात मांडतो.

ही घरं बघून हळहळायचं कारण नाही, बरीचशी आजही वापरात आहेत. राहणारे भाडेकरू नसतात, त्यांना राहण्याचा परवाना मिळतो आणि भाड्याऐवजी ते देखभालीपोटी आठवड्याला रक्कम देतात. जुनी भिंत सांभाळणं हीच मोठी डोकेदुखी. एका छोट्या ट्रस्टच्या इमारतीची मोजमापं घ्यायला मी मदत करत होतो. तिथे पूर्वी कुणीतरी चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. थंडीत कोंडलेलं पाणी गोठून विटांचे पापुद्रे सुटले होते आणि आतल्या भिंतींना बुरशी. सगळं सिमेंट हाताने, छिन्नीने काढावं लागलं, कारण यंत्र लावलं की विटेची कडच निघून येते.

आणि हो, दारांचा हिशेब हल्ली चुकतो. दीड खोलीत आज कोण राहणार, म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन घरांचं एक केलंय. पण इमारत संरक्षित, परवानगीशिवाय दर्शनी बाजू बदलायची नाही. त्यामुळे दुसरं दार रंगवून, पितळी मूठ घासूनपुसून जागच्या जागी ठेवतात आणि आतून बंद करून त्याला कपाट टेकवतात.